आपल्या लोकांना काय समजते म्हणे

काल रात्रीपासून डोकं तापून आहे म्हणून लिहून राहिलो. लंबं होईल.

तालुक्याला एका शाळेच्या पटांगणात कार्यक्रम होता. बाहेरून आलेली एक मुलगी, एकटीच, स्टेजवर एक खुर्ची अन् एक चादर, बस. मागून इटालियन गाण्याचं रेकॉर्ड अन् ही तोंडातून शब्द न काढता नुसत्या अंगानं हसवते. व्हेर्दी या इटालियन संगीतकाराच्या 'ला त्राव्हियाता' या ऑपेरावरून, म्हणजे सगळं गाऊनच करायच्या नाटकावरून, बसवलेलं. त्यातली नायिका क्षयानं मरायला टेकली आहे पण गाणं काही सुटत नाही, हिनं तेच पकडलं. छातीवर हात, खोकला, धाडकन खाली, तिकडं सूर चढला की पुन्हा उठते, चादर सावरते, परत मरते.

अन् हे सुरू व्हायच्या आधी पाहुणे माइकवर काय बोलले? "आपल्या खेड्यातल्या लोकांना ऑपेरा काही समजणार नाही, तरी सहकार्य करा." एक तासाचा प्रयोग २० मिनिटांवर आणला, कारण सत्कार राहिले होते!

माझी आजी पहिल्या लायनीत होती. तिला १५ वर्षांपासून काहीच ऐकू येत नाही. ना ते भाषण, ना ते गाणं. तिसऱ्यांदा ती मुलगी मरून उठली तशी आजी जोरात म्हणते, "मरूनच नाही राहिली न बाप्पा ते!" अख्खं पटांगण हसलं. आजी तर पदर तोंडाला लावून इतकी हसली का डोळ्यातून पाणी.

हिला समजलं नाही म्हणता?

धान निघालं, मंडई (आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा) भरली की दंडार, हे आमचं लोकनाट्य, मग होळीपर्यंत गडचिरोलीतल्या वडशाच्या कंपन्यांची नाटकं, रात्र-रात्रभर. कान गेले तरी आजीनं एक सोडलं नाही. माणूस स्टेजवर आला की नुसत्या चालीवरून सांगते, हा पिऊन आहे, हा खोटं बोलणार आहे. आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकवाल्या परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्यापुढं बसून हसणारे आम्हीच न?

अन् तिकडं परदेशात तरी ऑपेरा पाहणाऱ्या सगळ्यांना इटालियन येत होतं का? स्टेजच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवणं १९८३ मध्ये टोरांटोला सुरू झालं. त्याच्या आधी लोकं बसतच होते न? त्या मुलीनंच नंतर चहा पिताना सांगितलं, १८५३ मध्ये व्हेनिसला याच ऑपेराच्या पहिल्या प्रयोगाला लोकं हसले होते, कारण क्षयानं झिजलेली नायिका अंगानं चांगली भरलेली होती. म्हणजे आजी जिथं हसली तिथंच.

मागचे काही पोट्टे उठून गेले, हाव, गेले. ते नाटकातूनही जातात.

पाहुण्यांवरचा राग आता लिहिता लिहिता थोडा उतरला. आजीसारख्या माणसाच्या बाजूला बसून त्यांनी कधी काही पाहिलंच नसेल. पण २० मिनिटं! ती मुलगी चादर गुंडाळत होती तेव्हा तिच्याकडं पाहवलं नाही. तिचं शेवटचं मरणं राहूनच गेलं, अन् ह्यांचे हार चालू.

गाडीवर मागं बसून आजी घरापर्यंत विचारत होती, "मंग मेली का नाही ते?" हातानं कसं सांगू तिला की ह्यांनी मरूच दिलं नाही.

मंडई कमिटीतले ह्याच लिस्टमध्ये आहेत, वाचून राहिले असाल. यावर्षी त्या मुलीला बोलवा, नंबर आहे माझ्याकडं. पूर्ण एक तास द्या, मधात सत्कार नको. वर्गणीत माझे १००० लिहून घ्या अन् आजीची खुर्ची पुढंच ठेवा, तिचा शेवट पाहायचा राहिला आहे.