प्रॉप १३ म्हणजे नुसती घरपट्टी नव्हे!

आज मंडळाच्या जेवणात पुन्हा तीच रड. "आम्हाला वीस हजार डॉलर घरपट्टी, शेजारच्या आजोबांना पाच!" आणि लगेच कॅलिफोर्नियाच्या राजधानीतल्या, सॅक्रामेंटोच्या आमदारांच्या नावाने बोटं मोडणं. अहो, त्यांचे हात मतदारांनीच १९७८ साली प्रॉप १३ ने बांधलेत. (प्रॉप म्हणजे प्रपोझिशन, मतदारांनी थेट मत देऊन ठरवायचा प्रस्ताव.)

आजोबांनी १९९० मध्ये घर घेतलं अडीच लाखांना. प्रॉप १३ मुळे करासाठी धरलेली किंमत वर्षाला फार तर २ टक्के वाढते, म्हणजे ३५ वर्षांत दुप्पट. पाच लाखांवर १ टक्का, पाच हजार. तुमची खरेदी वीस लाखांची, त्या दिवशी किंमत नव्याने धरली. वीस हजार. (शाळांच्या रोख्यांचे वगैरे वर वेगळे.)

एवढं सगळ्यांना पाठ असतं. प्रॉप १३ चं कलम ३ मात्र कुणी वाचतच नाही! राज्याचा कर वाढवायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत. असेंब्लीत ८० पैकी ५४, सिनेटमध्ये ४० पैकी २७. चौदा सिनेटर अडून बसले की विषय संपला. कर-सवलत द्यायला साधं बहुमत पुरतं, तीच काढून घ्यायला पुन्हा दोन-तृतीयांश. म्हणून एकदा दिलेली सवलत सहसा हलत नाही.

पूर्वी पळवाट होती. एक कर वाढवायचा, दुसरा तेवढाच उतरवायचा. एकूण वसुली तीच, मग साधं बहुमत चालायचं. नाहीतर कराला 'शुल्क' म्हणायचं. २०१० च्या प्रॉप २६ ने पहिली वाट बंदच केली आणि बऱ्याचशा शुल्कांनाही कर ठरवलं. आता एकाही करदात्याचा कर वाढला तरी दोन-तृतीयांश. आणि ही अट मंजूर कितीने झाली? जेमतेम ५२ टक्क्यांवर! डोकं फिरतं.

बरं, सत्तरच्या दशकात किमती भडकल्या तेव्हा पेन्शनवरची माणसं घरपट्टीने मेटाकुटीला आली होती, हे मान्य. आजोबांवर राग नाहीच, राहू देत सुखाने. पण त्यांचं छप्पर वाचवायला विधिमंडळाला वेसण कशाला? आणि ऑफिसांना, मॉलना तीच सवलत कशाला? ती काढणारा प्रॉप १५ २०२० मध्ये थोडक्यात पडला.

२०२४ मध्ये तर विधिमंडळाने लावलेला प्रत्येक नवा कर मतदारांपुढेही न्यायचा प्रस्ताव येऊ घातला होता. ही दुरुस्ती नव्हे, घटनेची फेररचना आहे, असं म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मतपत्रिकेवरूनच उतरवला. असलं काहीतरी पुन्हा येणारच. दुकानाबाहेर नव्या प्रॉपसाठी सह्या गोळा करणारा क्लिपबोर्डवाला "कर कमी होईल" म्हणाला की लगेच सही ठोकू नका. पूर्ण मजकूर त्या अर्जावरच छापलेला असतो. आधी त्यात 'दोन-तृतीयांश' कुठे दडलंय ते शोधा.