सलग सतरा सुपरहिट? यादी एकदा नीट वाचा

दरवर्षी १८ जुलैला आणि २९ डिसेंबरला, म्हणजे राजेश खन्नाच्या पुण्यतिथीला आणि वाढदिवसाला, एक मजकूर हमखास फिरतो. १९६९ ते १९७१ या तीन वर्षांत काकांनी, म्हणजे चाहत्यांच्या लाडक्या राजेश खन्नाने, सलग १७ सुपरहिट दिले, त्यातले १५ एकट्याच्या खांद्यावर, हा विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही, सबब हिंदी सिनेमातला सर्वांत सातत्याने यशस्वी स्टार तोच. खाली सतरा नावांची यादी आणि लाल बदाम. टीव्हीवर ‘अमर प्रेम’ लागला की माझाही रिमोट खाली पडतो, तेव्हा हे वैरापोटी लिहीत नाही. पण त्या यादीवर कुणी पेन्सिल फिरवलेली दिसत नाही, म्हणून हा खटाटोप.

सुरुवात ‘सगळे सुपरहिट’पासून करू. ‘आराधना’, ‘दो रास्ते’, ‘सच्चा झूठा’, ‘हाथी मेरे साथी’ यांच्याबद्दल वादच नाही. पण त्याच रांगेत ‘इत्तेफाक’ आणि ‘खामोशी’ही उभे केले आहेत. ‘इत्तेफाक’ हा यश चोप्रांनी महिनाभरात उरकलेला, एकही गाणं नसलेला, बराचसा एका घरात घडणारा सिनेमा. ‘खामोशी’ तर रंगीत जमान्यातला कृष्णधवल. दोन्ही मला आवडतात, पण ‘आराधना’ने जी झुंबड उडवली तिच्या पंगतीला त्यांना बसवणं म्हणजे निव्वळ भक्ती. शिवाय त्या काळी धंद्याचा हिशेब देशभर एक नव्हताच. सिनेमा सर्किटवार, म्हणजे वितरणाच्या विभागानुसार, विकला जायचा. मराठवाडा निजाम सर्किटमध्ये, विदर्भ सी. पी. बेरारमध्ये, गोवा मुंबई सर्किटमध्ये. एकीकडे वितरकाला ओव्हरफ्लो, म्हणजे खर्च वसूल होऊन वरची कमाई, मिळायचा आणि दुसरीकडे त्याची मिनिमम गॅरंटीही, म्हणजे निर्मात्याला आधीच कबूल केलेली किमान रक्कमही, सुटायची नाही, असं एकाच सिनेमाबाबत होऊ शकायचं. त्यामुळे त्या मजकुराच्या काही आवृत्त्यांत ‘आजच्या भावाने इतके कोटी’ असे आकडे असतात, ते वाचून सोडून द्यावेत.

‘सलग’ या शब्दाची गोष्ट जास्त मजेशीर आहे. १९७१चा ‘अंदाज’ यादीत आहे. तो शम्मी कपूर आणि हेमा मालिनीचा सिनेमा. राजेश खन्ना त्यात पाहुणा, मोटारसायकलवरून ‘जिंदगी एक सफर है सुहाना’ गाऊन निघून जाणारा. पाहुणा असूनही सिनेमा चालला म्हणून तो मोजला. मग त्याच वर्षीचा ‘बदनाम फरिश्ते’ कुठे गेला? त्यातही राजेश खन्ना आहे, सोबत शर्मिला टागोरसुद्धा. तो आपटला, म्हणून यादीत त्याचं नाव नाही. चालला तो माझा आणि पडला तो पाहुणा म्हणून केलेला, असा नियम लावला तर सलग यश कुणाचंही दाखवता येईल.

‘एकट्याच्या खांद्यावर’ हे तर ‘खामोशी’ पाहिलेल्या माणसाने म्हणू नये. तो वहिदा रेहमानचा सिनेमा आहे, आणि त्यातलं ‘तुम पुकार लो’ धर्मेंद्रवर आहे. ‘सफर’मध्ये फिरोज खान आणि अशोककुमार आहेत. ‘आनंद’मधून अमिताभ काढून टाका आणि काय उरतं बघा. ‘दो रास्ते’, ‘बंधन’, ‘सच्चा झूठा’ या तिन्हींत मुमताज आहे, पण तिच्या नावाने असली यादी काढलेली माझ्या पाहण्यात नाही. आणि गाणी? १९७६चा ‘महबूबा’ घ्या. दिग्दर्शक ‘आराधना’चेच शक्ती सामंता, आवाज किशोरकुमारचा, संगीत आर. डी. बर्मनचं, समोर हेमा मालिनी, वर ‘मेरे नैना सावन भादों’सारखं गाणं. तरी सिनेमा पडला. राजेश खन्ना तोच होता, मग खांदे कुठे गेले?

खरा घोळ मात्र पुढेच आहे. तीन वर्षांच्या लाटेला सातत्य म्हणायचं का? १९७२ उजाडलं आणि ‘अमर प्रेम’, ‘अपना देश’सोबत ‘मालिक’ आणि ‘दिल दौलत दुनिया’ही आले आणि आपटले. १९७४मध्ये ‘रोटी’ आणि ‘आप की कसम’ने हात दिला, पण १९७६-७७मध्ये ‘महबूबा’, ‘बंडलबाज’, ‘त्याग’, ‘पलकों की छांव में’ अशी पडझड लागली. शिखर अफाट उंच होतं हे मान्यच. इतक्या कमी वेळात इतकं वेड दुसऱ्या कुणी लावलं नसेल. पण सातत्य मोजायचं तर नट बदलत्या वर्षांत, बदलत्या जोडीदारांसोबत, बदलत्या बॅनरखाली किती टिकला ते बघायला हवं.

‘दुसरं कुणी जवळपासही नाही’ या दाव्याला उत्तर द्यायला लांब जावं लागत नाही. काकांनी ‘आशीर्वाद’ हा कार्टर रोडचा बंगला ज्याच्याकडून घेतला तो राजेंद्रकुमार. ‘धूल का फूल’ १९५९चा, ‘सूरज’ १९६६चा, मधे ‘मेरे महबूब’, ‘संगम’, ‘आरजू’. लोक त्याला ज्युबिलीकुमार म्हणायचे ते उगाच नाही. मराठीत दादा कोंडके. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून १९८२च्या ‘आली अंगावर’पर्यंत ओळीने नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी, म्हणजे पंचवीस आठवडे. बाजार लहान होता हे खरं, पण कालावधी अकरा वर्षांचा.

माझं मत मात्र या दोघांनाही नाही. ते आहे आशा पारेखला, आणि तिचं नाव त्या सतराच्या यादीतच दडलेलं आहे. ‘कटी पतंग’ आणि ‘आन मिलो सजना’ची नायिका ती. १९५९मध्ये दिग्दर्शक विजय भट्टांनी तिला ‘गूंज उठी शहनाई’तून काढून टाकलं, हिच्यात स्टारपण नाही म्हणून. काही दिवसांतच दिग्दर्शक नासिर हुसेननी तिला ‘दिल देके देखो’त शम्मी कपूरसमोर उभं केलं. तिथून पुढे बघा. ‘जब प्यार किसी से होता है’ देव आनंदबरोबर, ‘जिद्दी’ आणि ‘लव्ह इन टोकियो’ जॉय मुखर्जीबरोबर, ‘दो बदन’ आणि ‘उपकार’ मनोजकुमारबरोबर, ‘तीसरी मंजिल’ पुन्हा शम्मीबरोबर, ‘आया सावन झूम के’ धर्मेंद्रबरोबर. मग राजेश खन्नाबरोबरचे दोन, आणि लगेच १९७१मध्ये ‘कारवां’ जितेंद्रबरोबर, ‘मेरा गांव मेरा देश’ पुन्हा धर्मेंद्रबरोबर. बारा वर्षं. नायक बदलत गेले, संगीतकार बदलले, काळ्या-पांढऱ्याचं रंगीत झालं, ती तिथेच. लोक तिला ज्युबिली गर्ल म्हणायचे.

यावर ‘गर्दी हीरोसाठी यायची’ हे उत्तर तयार असतं. हीरो एकच असता तर ऐकून घेतलं असतं. इथे अर्धा डझन आहेत, आणि जॉय मुखर्जीला तर तिच्यावाचून मोजकेच मोठे हिट मिळाले. नासिर हुसेनचं बॅनर पाठीशी होतं हे मी लपवत नाही, पण ‘दो बदन’, ‘उपकार’, ‘कटी पतंग’ त्यांचे नव्हेत. ‘कटी पतंग’ तर सरळ तिचाच सिनेमा, दुसऱ्याच्या विधवेचं सोंग घेऊन जगणाऱ्या मुलीचा, आणि फिल्मफेअर मिळालं तेही तिलाच. बरं, याच आशा पारेख-राजेश खन्ना जोडीचा ‘बहारों के सपने’ १९६७मध्ये आला होता, नासिर हुसेननीच काढलेला. शेवट बदलूनही तो चालला नाही. तिच्या यादीतही असे खड्डे आहेत आणि मी ते मोजतो.

काकांच्या चाहत्यांना त्यांचं कौतुकच करायचं असेल तर १९६९ सोडून १९८३ पुढे करावं. बच्चन ऐन भरात, आणि चाळिशीला पोचलेल्या, संपला संपला म्हणून ज्याचा गाजावाजा झाला होता त्या माणसाने ‘अवतार’, ‘सौतन’ आणि ‘अगर तुम न होते’ हे तिन्ही एकाच वर्षात चालवून दाखवले, त्यातल्या ‘अवतार’मध्ये तर पांढरे केस लावून, म्हाताऱ्या बापाच्या भूमिकेत. त्या वर्षाचा मजकूर अजून कुणी मला पाठवलेला नाही.