क्लच दाबणं वेगळं, गिअर निवडणं वेगळं

‘स्पोर्ट्स कार घ्यायची तर मॅन्युअलच. ऑटोमॅटिक मंद असते, इंजिनाची ताकद खाते, रेसिंगमध्ये तिला कधी कोणी विचारलं नाही, ती गाडीचा ताबा ड्रायव्हरच्या हातून काढून घेते आणि ती चालवायला काही यावं लागत नाही.’ शब्द थोडेफार बदलतात, पण हा मजकूर मोटारप्रेमींमध्ये सतत फिरत असतो. मी स्वतः बरीच वर्षं मॅन्युअल चालवतोय आणि मला ती मनापासून आवडते. तिची बाजू चुकीच्या मुद्द्यांवर मांडली गेली की म्हणूनच गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा, मंदपणाचा. २०२१ साली आलेली पोर्शे ९११ जीटी३ घ्या. इंजिन तेच, गिअरबॉक्स दोन. शून्य ते १०० किलोमीटर वेग गाठायला मॅन्युअलला कंपनीच्याच आकड्यांनुसार ३.९ सेकंद लागतात, पीडीके या ऑटोमॅटिकला ३.४. कारण सरळ आहे. पीडीकेत दोन क्लच असतात: एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम. तुम्ही दुसऱ्यात पळत असता तेव्हा तिसरा आधीच पडून तयार असतो. एक क्लच सुटता सुटता दुसरा धरतो आणि चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही. मॅन्युअलमध्ये ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबून गिअर पडेपर्यंत गाडी नुसती वाहत असते, मग हात कितीही चपळ असो.

ताकद खाण्याचा आरोप मात्र एके काळी खरा होता. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरकडे देणारा भाग असायचा. ते तेल घसरायचं, आणि गिअर जेमतेम तीन. आता गाडी जागेवरून सुटली की कन्व्हर्टर लगेच कुलूपबंद होतो आणि जोड थेट बसते. बीएमडब्ल्यूने २०१७ च्या एम५ मध्ये दोन क्लचची गिअरपेटी सोडून आठ गिअरची कन्व्हर्टरवाली पेटी घेतली, ती काही गाडी मंद करायला नव्हे. वजनाचं म्हणाल तर मॅन्युअल खरोखर हलकी: वरच्याच जीटी३ मध्ये १४१८ किलो विरुद्ध १४३५. गंमत म्हणजे हा पक्का मुद्दा त्या मजकुरात येतच नाही.

रेसिंगबद्दलचं विधान वाचून मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण त्यात एक सुंदर इतिहास पुसला जातो. १९६६ साली नुर्बुर्गरिंगची १००० किलोमीटरची शर्यत फिल हिल आणि यो बोनिए यांनी चॅपरल २डी या गाडीतून जिंकली. त्या गाडीत टॉर्क कन्व्हर्टर होता, क्लचचं पेडल नव्हतं. त्याच वर्षी चॅपरल गाड्या बनवणाऱ्या जिम हॉल यांनी चॅपरल २ई आणली. क्लच नाही म्हणजे डावा पाय मोकळा, मग त्या पायाला त्यांनी नवं काम दिलं: गाडीच्या मागे उंच उभारलेला पंख हलवायचं. सरळ रस्त्यावर पेडल दाबलं की पंख आडवा होऊन हवा कापायचा. पाय उचलला की तो पुन्हा कलायचा आणि वळणात मागची चाकं जमिनीवर दाबून धरायचा. क्लच गेल्यामुळे ड्रायव्हरकडे एक नियंत्रण जास्त आलं!

पुढे १९८९ मध्ये नायजेल मॅन्सेलने फेरारी ६४० घेऊन ब्राझीलची शर्यत जिंकली. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणाऱ्या त्या गाडीची ही पहिलीच शर्यत होती. क्लचचं पेडल फक्त जागेवरून सुटण्यापुरतं. या गाड्या पूर्ण ऑटोमॅटिक नव्हत्या, कोणता गिअर हवा हे ड्रायव्हरच ठरवायचा, हे मी लपवत नाही. माझा मुद्दा तोच आहे. गिअर निवडणं हे डोक्याचं काम, क्लच दाबणं हे पायाचं. फॉर्म्युला वनने २००४ मध्ये गिअर आपोआप बदलण्यावर बंदी घातली, तरी पट्ट्या ठेवल्या. क्लचचं पेडल काही परत आणलं नाही.

ताब्याचंही तसंच. गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलण्यावर, ठेवून ओल्या वळणात ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबलात तर पेटी मधेच खालचा गिअर टाकते आणि मागची चाकं सुटू शकतात. इथे तक्रार रास्त आहे. पण वळणाआधी पट्टी ओढून गिअर स्वतः घेतला की बहुतेक स्पोर्ट्स कार तोच धरून ठेवतात. उलट मॅन्युअलमध्ये पाचव्यातून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर वेगात इंजिन मर्यादेपलीकडे फिरून त्याचे व्हॉल्व्ह वाकू शकतात. ऑटोमॅटिक पेटी असा हुकूम मानतच नाही.

राहिलं कौशल्य. चौथ्या गिअरमध्ये वळणाकडे येताना उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर घट्ट असतो. डावा पाय क्लच दाबतो, हात तिसरा टाकतो, आणि त्याच वेळी उजव्या पायाची कड ॲक्सिलरेटरकडे कलवून इंजिनाला हलकी रेस द्यायची. ब्रेकवरचा दाब तसूभर बदलता कामा नये. रेस कमी पडली की क्लच सोडताच मागची चाकं हिसका खातात. मला हे जमायला दोन वर्षं लागली आणि त्याचा मला अभिमान आहे. तरीही वळणात मी मागेच पडायचो. दोन पेडलांच्या गाडीत बसलो तेव्हा कारण कळलं: ब्रेक लवकर मारत होतो, नजर वळणाच्या शेवटाकडे न जाता बॉनेटपुढेच अडकत होती. पायांची कसरत नव्हती, त्यामुळे चूक लपायला जागाच उरली नाही.

म्हणून काही मी मॅन्युअल सोडणार नाही. पोर्शेने २०१३ ची जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली. २०१६ मध्ये मॅन्युअलवाल्या ९११ आर या फक्त ९९१ गाड्या काढल्या आणि २०१७ मध्ये जीटी३ मध्येही मॅन्युअल परत आणली. ती मागणाऱ्यांना ठाऊक होतं की घड्याळ पीडीकेच्या बाजूचं आहे. त्यांना दांडी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तळहाताला लागणारा तो खटका हवा होता. मला तो आजही हवा असतो.