तुमच्या अभिप्रायात राहून गेलेली आमची एक चूक

नमस्कार. आमच्या दुकानाला तुम्ही दिलेला एक स्टार आणि त्याखालचा मजकूर मी दोनदा वाचला. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा तुमची जॉब शीट (कामाची नोंद) समोर ठेवून. उत्तर दुसऱ्या वाचनानंतरचं आहे.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: २०१३ चा आयमॅक आमच्याकडे दिलात. बाहेरून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान ड्राइव्ह) लावायची, मशीन त्यावरूनच सुरू होईल असं करायचं आणि ती ड्राइव्ह एन्क्रिप्ट करायची, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करायची, एवढंच काम. संध्याकाळी देतो म्हणून आम्ही दोन दिवस लावले, घरी नेल्यावर मशीन रखडत होतं, मुलीचं खातं आम्ही उडवलं, आणि रिकव्हरी की (पासवर्ड नसला तरी ड्राइव्ह उघडणारी जादा किल्ली) सापडेना म्हणून फोन केलात तर आम्ही हात वर केले.

कीपासून सुरुवात करते, कारण तिथे माझं मत बदललेलं नाही. तुमची रिकव्हरी की आमच्याकडे नाही आणि नसणारच. फाइलव्हॉल्ट, म्हणजे मॅकमधलं ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं साधन, सुरू करताना २४ अक्षरा-अंकांची ती ओळ पडद्यावर आली, तेव्हा आमच्या मुलाने तुम्हाला आत बोलावलं, तुमच्या हाताने लिहून घ्यायला लावली आणि स्वतः पाठ फिरवून उभा राहिला. तुम्हाला तेव्हा ते नाटकी वाटलं असेल. पण दुकानाच्या वहीत गिऱ्हाइकांच्या कींची यादी असेल, तर एन्क्रिप्शन करून घेण्यात अर्थ काय उरला? वही ज्याच्या हाती लागेल तो सगळ्यांच्या ड्राइव्ह उघडेल.

फोनवर मात्र आमचं चुकलं. "आमच्याकडे नाही" एवढंच सांगून फोन ठेवायला नको होता. तुम्हाला पासवर्ड आठवतो आहे, म्हणजे काहीच बुडालेलं नाही. ड्राइव्हवरचा डेटा ज्या मूळ किल्लीने बंद होतो ती एका पेटीत ठेवलेली असते असं समजा. त्या पेटीला दोन झाकणं आहेत, एक तुमच्या पासवर्डने उघडतं, दुसरं रिकव्हरी कीने. कोणतंही एक उघडलं तरी काम होतं. म्हणूनच पासवर्ड माहीत असला की टर्मिनलमध्ये (आदेश टाइप करायचं मॅकमधलं ॲप) एक आदेश देऊन नवी रिकव्हरी की बनवता येते. जुनी त्याच क्षणी रद्द होते आणि डेटा पुन्हा एन्क्रिप्ट करावा लागत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, आणि हे त्याच फोनवर सांगायला हवं होतं. पासवर्ड आणि की दोन्ही गेली तर मात्र आम्ही, दुसरं कुठलं दुकान किंवा खुद्द ॲपलही ती ड्राइव्ह उघडू शकत नाही. नवी की कागदावर लिहा आणि तो कागद त्या टेबलाच्या खणात ठेवू नका.

मुलीचं खातं उडालेलं नाही. मशीन सुरू होताना जो नावांचा पडदा येतो तो नेहमीचा लॉगिनचा नसतो. तेव्हा मॅकओएस, म्हणजे मॅकची मूळ प्रणाली, सुरूच झालेली नसते, ड्राइव्ह अजून बंद असते, आणि ती उघडायची परवानगी ज्यांना दिली आहे त्यांचीच नावं तिथे दिसतात. जुन्या डिस्कवरून आणलेल्या खात्यांना ही परवानगी आपोआप मिळतेच असं नाही. तुम्ही आत जाऊन लॉग आउट केलंत की मुलीचं नाव दिसेल. कायमचं हवं असेल तर सिस्टिम प्रेफरन्सेस, सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, फाइलव्हॉल्ट या टॅबमध्ये वापरकर्ते सक्षम करायचं बटण आहे. ते दाबून तिने स्वतःचा पासवर्ड टाकायचा. मशीन हातात देण्याआधी प्रत्येक खात्याने एकदा सुरू करून बघणं आमचं काम होतं. ते राहिलं.

रखडण्याबद्दल. तुमच्या आयमॅकमध्ये सुरक्षेची वेगळी चिप नाही. ॲपलची तशी टी२ चिप २०१७ च्या शेवटी आयमॅक प्रोसोबत आली, आणि टी२ असलेल्या मशीनवरसुद्धा तिचं अंगभूत एन्क्रिप्शन फक्त आतल्या स्टोअरेजसाठी असतं. बाहेरच्या ड्राइव्हचं काम प्रोसेसरच करतो. पण तुमच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी (एन्क्रिप्शनची एक पद्धत) स्वतंत्र सूचना आहेत, त्यामुळे रोजच्या वापरात फरक जवळपास जाणवत नाही. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरच्या काळातलं मशीन असतं तर मी आधीच तुम्हाला विचार करायला सांगितलं असतं. पहिले एक-दोन दिवस स्पॉटलाइट (मॅकमधली शोधाची सोय) सगळ्या फाइल्सची नव्याने अनुक्रमणिका बनवत असतो, फोटो ॲपही स्वतःचं काहीतरी चाळत बसतं. ते संपलं की मशीन मोकळं होतं. आणखी एक गोष्ट, राग मानू नका: फोनवर तुम्ही म्हणालात की ड्राइव्ह टेबलावरच्या जुन्या यूएसबी हबमध्ये लावली आहे. हब यूएसबी २ चा असेल तर त्याची कमाल सेकंदाला ४८० मेगाबिट, आणि आयमॅकच्या पाठीमागच्या पोर्टची ५ गिगाबिट. अशा हबमधून ड्राइव्हला वीजही पुरेशी मिळेलच असं नाही. ज्या ड्राइव्हवरून आख्खी सिस्टिम चालते ती थेट मशीनला लावा.

आता दोन दिवस. यात सबब नाही, आम्ही क्रम चुकीचा घेतला. आधी जुन्या हार्ड डिस्कवरून सुमारे ७०० जीबी डेटा नव्या ड्राइव्हवर आणला आणि मग फाइलव्हॉल्ट सुरू केलं. त्यामुळे जे नुकतंच लिहिलं होतं ते सगळं पुन्हा वाचून, एन्क्रिप्ट करून, पुन्हा लिहावं लागलं. कागदावर ७०० जीबी सेकंदाला १०० एमबीने दोन तासांत निघतो, पण दमलेली डिस्क आणि लाखो बारीक फाइल्स असल्या की ती एक रात्र खाते. वर एन्क्रिप्शनची दुसरी रात्र. ते अर्धवट असताना केबल काढून मशीन तुमच्या हातात द्यायची माझी तयारी नव्हती. योग्य क्रम उलटा: रिकाम्या ड्राइव्हवर मॅकओएस टाकायची, लगेच फाइलव्हॉल्ट सुरू करायचं आणि मग डेटा आणायचा. वेळ तर वाचतोच, शिवाय एसएसडी लिहिताना जागा बदलत राहते, त्यामुळे आधी उघडा, म्हणजे एन्क्रिप्ट न करता, लिहिलेला मजकूर तिच्या राखीव भागात मागे राहू शकतो. जो मजकूर उघडा लिहिलाच नाही तो मागे राहायचा प्रश्न येत नाही. आता दुकानात याच क्रमाने काम होतं.

आणि आता तुमच्या अभिप्रायात नसलेली गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते आहे.

तुमची जुनी हार्ड डिस्क आयमॅकच्या आतच आहे. या मॉडेलचा पडदा चारी बाजूंनी चिकटवलेला असतो, तो कापून उघडण्यापेक्षा बाहेरून ड्राइव्ह लावणं बरं, म्हणून तर हा मार्ग निवडला. पण त्या आतल्या डिस्कवर तुमच्या सगळ्या फाइल्सची जुनी प्रत तशीच पडली आहे, एन्क्रिप्शनशिवाय. मशीन सुरू होताना कीबोर्डवरची ऑप्शन की दाबून धरली की जुनी डिस्क निवडता येते, आणि तुमचा लॉगिन पासवर्ड त्या फाइल्सना खरं कुलूप लावत नाही. डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली की त्या वाचता येतात. बाहेरची ड्राइव्ह कोणी खिशात घालून नेईल अशी तुम्हाला धास्ती होती. तिला आम्ही पक्कं कुलूप लावलं आणि मागचं दार सताड उघडं ठेवून मशीन तुम्हाला परत दिलं. मशीनमध्ये काय आहे ते इथे लिहिणार नाही, पण तुम्ही एन्क्रिप्शन का मागितलंत हे मला माहीत आहे, त्यामुळे हे आम्हाला सुचायलाच हवं होतं.

ती डिस्क आज घरी घाईने पुसू नका. आधी नव्या ड्राइव्हवर सगळं नीट आलं आहे का ते तुमच्या डोळ्यांनी बघा, विशेषतः फोटो आणि हिशेबाच्या फाइल्स. मग मशीन घेऊन या. ती डिस्क आम्ही पूर्ण ओव्हरराइट करू, म्हणजे जुन्यावर नवं लिहून पुसू (फिरती डिस्क आहे, त्यामुळे हा उपाय चालतो, एसएसडीवर तो भरवशाचा नसतो) आणि तिथेच टाइम मशीनचा (मॅकचं बॅकअपचं साधन) एन्क्रिप्टेड बॅकअप लावून देऊ. बॅकअप एन्क्रिप्ट करायचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. तो राहिला की पुन्हा हीच कथा. नवी की आणि मुलीचं खातं त्याच बैठकीत होईल. पैसे घेणार नाही. ओव्हरराइटला बरेच तास लागतात, म्हणून मशीन एक रात्र ठेवावं लागेल. या वेळी आधीच सांगते आहे.

स्टार बदलायची विनंती मी करत नाही. येताना ड्राइव्हसोबत आलेली मूळ केबलही आणा, हबमध्ये लावलेली तीच आहे का ते मला बघायचं आहे.