पारोशी गाडी

एप्रिलच्या मध्यावर पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या बोअरने तळ दाखवला, दिवसाआड दहा हजार लिटरचा टँकर येऊ लागला आणि जिन्याशेजारच्या फलकावर ‘पाइप लावून वाहन धुताना आढळल्यास ५०० रुपये दंड’ अशी सूचना लागली. बेंगळूरूच्या पाणीपुरवठा मंडळाने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने वाहन धुण्याच्या अपराधासाठी ५,००० रुपये दंड ठेवला होता, हे आमच्या सेक्रेटरींनी सभेत अशा काही सुरात सांगितले, की आपल्याला नव्वद टक्के सूट मिळाली असेच सर्वांना वाटले. पाइपातून मिनिटाला सहज दहा-पंधरा लिटर पाणी येते आणि मी हौसेने गाडी धुवायला बसलो की माझी पाच मिनिटे एका चाकावरच जातात. त्यामुळे सेक्रेटरींचा रोख कोणाकडे होता हे वेगळे सांगायला नको.

माझी गाडी काळी आहे. काळी गाडी घेण्याचा निर्णय माणूस शोरूमच्या दिव्यांखाली घेतो आणि त्याचे प्रायश्चित्त रस्त्यावर घेतो. शेजारच्या भूखंडावर इमारतीचे काम चालू, डोक्यावर कडुनिंब आणि कडुनिंबावर कावळे. आठ दिवसांत अशी पुटे चढली, की सोसायटीतल्या कोणा विद्यार्थ्याने मागच्या काचेवर बोटाने बेरजेचे गणित सोडवले, आणि तेही चुकीचे.

धर्मशास्त्रात स्नानाचे सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पाणी लागत नाही. मंत्राने, मातीने, भस्माने, इतकेच काय, नुसत्या मनानेही स्नान घडते. गाईंच्या खुरांनी उडालेली धूळ अंगावर घेणे हे वायव्य स्नान. ते तर माझ्या गाडीला रोजच घडत होते, गाईंच्या जागी डंपर होते इतकेच. परंतु ‘या पारोशा गाडीतून मी लग्नाला येणार नाही,’ असे पत्नीने निक्षून सांगितले, तेव्हा शास्त्राधार बाजूला ठेवून मी पाण्याविना गाडी धुण्याच्या द्रावणाची बाटली मागवली.

या द्रावणामागचे तत्त्व अगदी सरळ आहे. त्यातली साबणासारखी द्रव्ये आणि बुळबुळीत पॉलिमर धुळीच्या कणाभोवती आवरण करतात, त्याला रंगापासून किंचित उचलतात, आणि मग तो कण रंगावर घासला न जाता फडक्याच्या मऊ तंतूंत शिरतो. भरपूर फवारायचे, क्षणभर थांबायचे आणि हलक्या हाताने एकाच दिशेने पुसायचे. अट एवढीच, की धूळ वरवरची हवी, पत्रा तापलेला नसावा आणि चिखलाच्या वाटेला जाऊ नये.

खरी मेख फडक्यांत आहे. साधे जुने धोतर चालत नाही. मायक्रोफायबरच लागते, आणि त्याच्या दोन घड्या घातल्या की दोन्ही बाजू मिळून आठ कोऱ्या पृष्ठांची वहीच हातात येते. प्रत्येक पुसण्याला नवे पान. आठही भरली की फडके बाद. टपाचे फडके दाराला चालते, दाराचे टपाला चालत नाही आणि चाकाला लागलेले तर पुन्हा कशालाच शिवायचे नाही. जमिनीवर पडलेले फडके झटकून वापरणे हे तर महापाप, कारण त्यात अडकलेला एक खडा सगळ्या रंगाची वाट लावतो. आजीचे सोवळे-ओवळे मी जन्मभर थट्टेवारी नेले. रविवारी सकाळी साडेसहाला, वेगवेगळ्या दांडीवर टांगलेली चौदा फडकी सांभाळत, ‘याला हात लावू नका हो’ असे येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडून सांगताना माझा आवाज हुबेहूब तिच्यासारखा आला.

प्रेक्षक जमायला वेळ लागला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ‘अहो, उटणं लावताय का?’ असे विचारले. वॉचमनने बराच वेळ निरीक्षण केले आणि ‘साहेब, कोरडीच धुतली तर धुतली कशी म्हणायची?’ असा प्रश्न टाकला, ज्याचे उत्तर माझ्यापाशी अजूनही नाही. घाबरलो तो मात्र काकांनी मदतीला म्हणून खिशातला रुमाल काढून बॉनेट गोल गोल पुसायला घेतले तेव्हा. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो, हे मी त्यांना समजावून सांगेपर्यंत त्यांनी तीन आवर्तने पूर्ण केली होती. ऊन वर आले तेव्हा बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकले. त्यांतले काकांचे किती आणि गेल्या आठ वर्षांतले माझे किती, याचा निवाडा होणे नाही.

पुढच्या रविवारी मी थोडी माघार घेऊन खळबळण्याविना धुण्याच्या पद्धतीवर आलो. आठ लिटर पाण्यात झाकणभर, म्हणजे तीसेक मिलिलिटर, अर्क घालायचा, भिजलेल्या फडक्याने एकेक भाग पुसायचा आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा. वरून पाणी ओतायचे नाही. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणातली हीच शहाणपणाची पद्धत आहे. धुळीला तेवढा ओलावा लागतोच. एका बादलीत गाडी आरशासारखी झाली, आणि फलकाखाली उभे राहून ती सेक्रेटरींना दाखवण्याचा मोह मला आवरला नाही.

घरी आल्यावर बादलीतली चौदा फडकी पत्नीने पाहिली. ती इतर कपड्यांबरोबर धुवायची नाहीत, कारण सुती कपड्यांची लव त्यांना चिकटते. कपडे मऊ करणारे द्रव्य घालायचे नाही, कारण त्याने तंतूंची तोंडे बुजतात. आणि साबण राहू नये म्हणून जास्तीचे खळबळणे आवश्यक, हे सारे मी तिला वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मशीन एका फेरीत किती लिटर पाणी घेते, एवढेच विचारले. फडकी मी हातानेच, बाथरूममध्ये, दार लावून धुतली. किती बादल्या लागल्या ते फक्त मला आणि नळाला ठाऊक आहे.

लग्नाच्या दिवशी दुपारी चारला वळीव आला. ऊन असताना पडणाऱ्या पावसात भिजणे याला शास्त्रात दिव्य स्नान म्हणतात आणि त्याचे पुण्य मोठे सांगितले आहे. पाऊस पाचच मिनिटे, थेंब टपोरे आणि हवेत त्या इमारतीची सगळी धूळ. काळ्या गाडीवर मातकट ठिपक्यांची रांगोळी उमटली. मी बाटली घेऊन खाली धावलो, पण ती चिखलाला चालत नाही हे आठवून तसाच उभा राहिलो. वरून पत्नीचा आवाज आला, ‘अहो, राहू द्या, मी रिक्षा बोलावली आहे.’