ल्युपस ‘एका इंजेक्शनात कायमचा बरा’ होतो का?

‘ल्युपस एका इंजेक्शनात कायमचा बरा! शंभर टक्के यश. कंपन्या दडपतायत. गोळ्या फेकून द्या.’ हा संदेश रुग्णांच्या ग्रुपांवर फिरतोय. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. त्यामागची बातमी खरी आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे.

‘एका इंजेक्शनात’: उपचाराचं नाव कार-टी. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालतात. मग या टी-पेशी बी-पेशी नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींना शोधून मारतात. शरीरावरच उलटणारी प्रतिपिंडं या बी-पेशींच्याच घराण्यातून येतात. पेशी तयार होईपर्यंत थांबायचं, मग केमोथेरपी घ्यायची, मगच त्या पेशींची छोटी पिशवी सलाइनसारखी चढते. पुढचे दिवस रुग्णालयात. कागद पुढे करून सांगतात, एक वाक्य लिहा, शंभरपासून दहा-दहाने उलटे आकडे म्हणा. अक्षर बिघडलं किंवा आकडे अडखळले, तर मेंदूवर परिणाम होत असल्याची शंका घेतात.

‘शंभर टक्के, कायमचा’: जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये डॉक्टर गेओर्ग शेट आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ल्युपसच्या एका २० वर्षांच्या तरुणीवर हा उपचार केला. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, त्यात ल्युपसचे ८. आठही जणांचा आजार शांत झाला, औषधं सुटली. ज्यांच्यावर इतर औषधं हरली होती त्यांच्याबद्दल हे वाचताना मला भरून आलं. पण रुग्ण आठच, तुलनेला दुसरा गट नाही आणि १५ जणांपैकी निम्म्यांवर नजर ठेवून जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. ल्युपस शांत राहून पुन्हा उसळतो. एवढ्यावर ‘कायमचा’ म्हणता येत नाही. त्रासही झाला: बहुतेकांना सौम्य ताप, एकाला न्यूमोनियामुळे दाखल करावं लागलं.

‘कंपन्या दडपतायत’: निकाल जगभर वाचल्या जाणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेत आणि अनेक कंपन्या स्वतःच चाचण्या घेतायत.

‘गोळ्या फेकून द्या’: हे वाचून खरंच राग येतो. त्या रुग्णांची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकाएकी सोडलं तर शरीराला स्वतःचं कॉर्टिसॉल (त्याच कामाचं नैसर्गिक संप्रेरक) लगेच पुरेसं बनवता येत नाही, रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. मूत्रपिंडाला ल्युपस असेल, तर तो लक्षण न दाखवताही भडकतो. तुमच्या ग्रुपवर कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर आजच त्यांना डॉक्टरांशी बोलायला लावा.