‘हौशी वैमानिक’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार ‘स्पष्टवक्ता’,

माझा मुलगा अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमधून, म्हणजे तिथल्या राज्यांच्या अर्धवेळ हवाई दलातून, वैमानिक कसा झाला, त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “काकू, अर्धवेळ वैमानिक म्हणजे हौशी वैमानिक. खऱ्या हवाई दलात ज्यांची डाळ शिजत नाही ते या मागच्या दारानं घुसतात. माजी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुशसुद्धा व्हिएतनाम युद्ध टाळायला तिथेच लपले होते. दहा वर्षांच्या सेवेचं बंधन, नोकरी, संसार यांचं काय होतं ते लिहा. आणि शीर्षक भडक आहे.”

शीर्षक भडक आहे, मान्य. आजच बदलते.

आता ‘काकू’. वयाचं मला काही वाटत नाही. पण मागे याच ब्लॉगवर एका गृहस्थांनी विमानांवर पाहुणा लेख लिहिला, तेव्हा तुम्ही त्यांना ‘सर’ म्हणाला होतात. बाई विमानांवर लिहायला लागली की लगेच काकू! असो.

मागच्या दाराबद्दल. गार्डमध्ये आधी युनिट तुम्हाला निवडतं. तळावर जाऊन माणसांना भेटायचं, लेखी परीक्षेचे गुण, उड्डाणाचे तास, शिफारसपत्रं जोडायची आणि मग मुलाखत. जागा एखाद-दोन, अर्जांचा ढीग. समोर बसलेले वैमानिक ‘याच्याबरोबर आपल्याला वर्षानुवर्षं उडायचंय’ या हिशेबानं पारखतात. माझ्या मुलाला आधी नकारच मिळाले. निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी, अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर अधिकारी प्रशिक्षण, आणि त्यानंतर नियमित हवाई दलाच्या मुलांबरोबर एकाच वर्गात उड्डाणाचं शिक्षण. तेच शिक्षक, तीच टी-६ विमानं, त्याच चेकराइड, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षा. नियमितवाल्यांना कोणतं विमान मिळणार ते शेवटाकडे कळतं, गार्डच्या मुलाला बहुधा आधीच ठाऊक असतं. फरक तो एवढाच. ओक्लाहोमातल्या व्हान्स तळावर मुलाच्या छातीवर वैमानिकाचा पंखांचा बिल्ला लागला तेव्हा मी समोर होते. त्या रांगेत गार्डचा कोण आणि पूर्णवेळ कोण, मला ओळखता आलं नाही. तुम्हाला आलं असतं, तर धन्य आहे.

आणि हौशी? ११ सप्टेंबर २००१ ला वॉशिंग्टनच्या दिशेनं येणारं अपहृत विमान अडवायला अँड्र्यूज तळावरून मार्क सॅसव्हिल आणि हेदर पेनी एफ-१६ लढाऊ विमानं घेऊन निघाले. क्षेपणास्त्रं चढवायला वेळच नव्हता. गाठ पडली तर आपलं विमान त्यावर घालायचं, असं ठरवून ते उडाले. दोघंही डीसी एअर नॅशनल गार्डचे. मिसिसिपीतल्या कीसलर तळावरची ५३ वी हवामान टेहळणी स्क्वाड्रन हरिकेनच्या डोळ्यातून आरपार विमान नेते. ती हवाई दलाच्या रिझर्व्हची, म्हणजे राखीव दलाची आहे आणि हे काम करणारी लष्करातली एकमेव तुकडी आहे. न्यूयॉर्क गार्डची १०९ वी विंग स्की लावलेली एलसी-१३० विमानं अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरवते. पूर्णवेळ हवाई दलाकडे तशी विमानंच नाहीत. तुमच्या ‘खऱ्या’ हवाई दलानं ही कामं या हौशी लोकांवर सोपवली आहेत, त्यांना एक पत्र लिहून कळवा.

माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मी बेळगावच्या कॅम्पात वाढले. आमच्या घरी टेरिटोरियल आर्मीच्या अर्धवेळ जवानाला कुणी ‘हौशी’ म्हटलं असतं, तर वडिलांनी त्याला चहा अर्धा टाकून उठवलं असतं. लष्कर मी गुगलवर बघितलेलं नाही. तुम्ही कुठे बघितलंत, ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही.

बुश टेक्सासच्या गार्डमध्ये एफ-१०२ उडवत, ते व्हिएतनामच्या दिवसांत. पण १९९१ च्या आखाती युद्धात दक्षिण कॅरोलायना आणि न्यूयॉर्कच्या गार्डची एफ-१६ विमानं लढली. पुढचं तुम्हीच वाचा, मी शिकवणी घेत नाही.

राहिलं नोकरीचं. कर्तव्यावर गेलेल्या माणसाची नोकरी राखायची, असा अमेरिकेचा १९९४ चा केंद्रीय कायदा आहे. दहा वर्षांच्या बंधनावर मुलानं वाचून, समजून सही केली. संसाराचं म्हणाल तर तो माझ्या सुनेचा प्रश्न आहे, आणि तिनं तुम्हाला वकील नेमलेलं नाही.